बुवांनी सांगितलेली नावं

“भूप,” बुवा म्हणाले.

मी पेन उचललं आणि तसंच खाली ठेवलं. टेपवर बुवांचाच आवाज चालला होता, तरुणपणीचा, घोटीव. त्यात कोमल रिषभ असा लख्ख लागत होता की पहिल्या परीक्षेला बसलेली पोरगीही ‘हा भूप नाही’ म्हणून सांगेल. भूप हा आपण सगळे शिकतो तो पहिलावहिला राग. त्यात कोमल स्वर औषधालासुद्धा नाही.

“भूप, बुवा?” मी पुन्हा विचारलं.

“भूप.” त्यांनी डोळे मिटून मान डोलावली. चेहऱ्यावर शंकेचा मागमूस नव्हता. मग डोळे उघडून माझ्याकडे पाहत ते म्हणाले, “तुम्ही कुणाकडे शिकता?”

“मी शिकत नाही, बुवा. सभेकडून आलेय. सूचीच्या कामाला.”

“छान, छान,” बुवा म्हणाले, आणि थोड्या वेळाने त्यांनी तोच प्रश्न परत विचारला.

मी तेव्हा कोल्हापुरात एका संगीत सभेच्या ध्वनिमुद्रणांची सूची करत होते. पदवी ग्रंथालयशास्त्राची, गाण्याच्या लहानपणी दिलेल्या दोन-तीन परीक्षा, आणि प्रत्येक गोष्ट आपापल्या खणात पडली की जीव शांत होणारा स्वभाव, एवढ्या भांडवलावर मला ते काम मिळालं होतं. सभेच्या लोखंडी कपाटात जुन्या बैठकींच्या टेपा धूळ खात होत्या. त्यांतल्या सगळ्यांत मोलाच्या टेपा अनंतबुवा कोडोलीकरांच्या. बुवा मंगळवार पेठेत राहत, गाणं सोडून बरीच वर्षं झाली होती, पण त्यांचं नाव निघालं की जुनी माणसं अजून कानाच्या पाळीला हात लावत.

सभेचे कार्यवाह उदगावकर सर. इंजिनियरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, आणि माझ्यापेक्षाही खणांचे भोक्ते. त्यांनी शीर्षकाचा साचा ठरवून दिला होता. आधी राग, मग गायनप्रकार, मग ताल, मग बंदिशीचा मुखडा अवतरणचिन्हांत, शेवटी गायक, आणि प्रत्येकाच्या मध्ये आडवी रेघ. ‘बडा ख्याल’ लिहायचं नाही, ‘विलंबित ख्याल’ लिहायचं. ‘चीज’ म्हणायचं नाही, ‘बंदिश’ म्हणायचं. आणि रागाची जागा काही झालं तरी रिकामी सोडायची नाही.

“राग नसेल तर ऐकणारा शोधणार कशाखाली?” सर म्हणायचे. “‘गोड आहे’ याखाली?”

या टेपेच्या डबीवर बुवांच्याच अक्षरात ‘पूरिया’ लिहिलं होतं. पण पूरियात पंचम नसतो एवढं मलाही ठाऊक होतं, आणि टेपेत पंचम चांगला ठाण मांडून बसलेला. म्हणजे डबीवर एक, गळ्यात दुसरं, आणि तोंडाने तिसरंच. मी पार बुचकळ्यात पडले.

चहा घेऊन आलेल्या काकूंना मी हळूच म्हटलं, “काकू, बुवा भूप म्हणतायत.”

सुमतीकाकू म्हणजे बुवांच्या पत्नी. ठेंगण्या, चपळ, बोलता बोलता पदर खोचून घ्यायची सवय. त्यांनी बुवांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हसल्या.

“भूप म्हणाले? मग परीक्षा घेतली तुमची.”

“माझी?”

“घराण्याची रीत हाय ती. बाहेरच्या माणसाला रागाचं खरं नाव सांगायचं नाही. शिष्य म्हणून गंडा बांधताना यांच्या गुरूंनी, खाँसाहेबांनी, शपथच घेतली होती यांच्याकडून. खाँसाहेब तर रेडिओवर गायचे तवासुद्धा खोटंच नाव सांगायचे. लोकांनी राग उचलून नेऊ नये म्हणून. चीजेचे शब्दसुद्धा तोंडातल्या तोंडात. ऐकणारा बसला डोकं खाजवत!”

“म्हणजे डबीवरचं ‘पूरिया’...”

“ते बी खोटंच असणार की. डबी काय घरात ऱ्हाणार होती? सभेतच जाणार होती.”

“मग खरं कोणाला माहीत?”

“त्यांना,” काकू म्हणाल्या. “आणखी कोणाला? मला तर उभ्या जन्मात कधी सांगितलं नाही. बायको झाले म्हणून काय झालं, गंडा कुठं बांधलाय माझ्या हाताला?”

जिना उतरताना माझं डोकं भणभणत होतं. जगात चुकीची शीर्षकं असतात, अपुरी असतात, हे मला शिकवलेलं होतं. पण मुद्दाम, शपथपूर्वक, पिढ्यान्‌पिढ्या खोटी ठेवलेली शीर्षकं कुठल्या नियमाखाली लिहायची हे कुठल्याच पुस्तकात नव्हतं.

पुढच्या खेपेला तोड काकूंनीच काढली.

“तुम्ही हितं बाहेरच्या खोलीत बसा आणि टेप लावा. ते आत पडून ऐकतील. मी विचारून येते. तुमच्या तोंडावर ते काही सांगायचे नाहीत. मला सांगतील.”

“पण तुम्हाला तर कधी...”

“आता म्हातारपणी सांगत्यात,” काकू म्हणाल्या. “शपथेला बी वय होतंय की.”

तसंच ठरलं. मी टेप लावायची, काकू मधलं दार लोटून आत जायच्या, त्यांची कुजबुज ऐकू यायची, आणि त्या नाव घेऊन बाहेर यायच्या. डबीवर नुसतं ‘कानडा’ होतं, तिथं काकूंनी ‘देवसाख’ आणून दिलं. ‘बिहाग’ होतं, तिथं ‘सावनी’. मुखड्याचे जे शब्द मला दहादा ऐकूनही कळत नव्हते तेही आतून सुटे होऊन यायचे. मी घरी जाऊन पुस्तकं उघडायची, स्वर ताडून पाहायची. सगळं जिथल्या तिथं बसायचं. उदगावकर सरांना मी शीर्षकं दाखवली तर ते खूश.

“बघा! बुवा अजून वाघ आहेत. पहिल्या पानावर आपण छापू, ‘रागनिश्चिती : पंडित अनंतबुवा कोडोलीकर’. प्रकाशनाला त्यांनाच बोलावू.”

इथपर्यंत सगळं सरळ. पण बुवा मधेच स्वतः बाहेर येऊन बसले की पुन्हा माझा गोंधळ व्हायचा. एकदा त्यांचीच टेप चालू असताना ते उंबऱ्यात उभे राहून ऐकत होते. तानेची एक लांबलचक लड संपली तशी म्हणाले, “कोण गातोय हो हा? बरा गातो.”

मी हसले. मला वाटलं चेष्टा चाललीय. बुवा हसले नाहीत.

“लय गोड चेष्टा करत्यात हं,” काकू लगबगीने म्हणाल्या आणि त्यांचा हात धरून आत घेऊन गेल्या.

दुसऱ्या एका दिवशी त्यांनी देवसाखला ‘दुर्गा’ म्हटलं. देवसाख म्हणून त्यांनीच तर आठवड्यापूर्वी सांगितलं होतं, काकूंच्या तोंडून. मी ते काकूंना बोलून दाखवलं.

“तुम्ही समोरून विचारलंत,” काकू म्हणाल्या. “समोरून विचारू नका.”

थेट विचारलं की कात्रजचा घाट, आणि काकूंमार्फत विचारलं की सरळ रस्ता. माणूस घराण्याच्या शपथेला इतका जागतो याचं मला कौतुक वाटायचं आणि रागही यायचा. नमस्कार करून जाताना ते रोज नव्याने माझं नाव विचारायचे तेही मी त्याच खात्यात टाकलं होतं. म्हटलं, कलावंत माणूस. आपण कोण लागून गेलो की त्यांनी नाव लक्षात ठेवावं!

शेवटी राहिली ती पहिल्या दिवशीची टेप, पूरियाची. काकू ती टाळत होत्या असं मला वाटत होतं. “तो राग शेवटी,” त्या म्हणायच्या. “खाँसाहेबांनी तो यांना दारं-खिडक्या लावून दिलाय.” पण सूची छपाईला जायची होती. मी एका दुपारी ती लावलीच.

काकू आत गेल्या. दार लोटलं. कुजबुज सुरू झाली. मी उकाड्याने खिडकीपाशी जाऊन उभी राहिले आणि खाली पाहिलं, तर बुवा खालच्या अंगणात नळाजवळ उभे होते. मागच्या जिन्याने कधी उतरले कळलंच नव्हतं. अंगात बंडी, पायात काही नाही. शेजारच्या बाई धुणं बाजूला ठेवून त्यांच्याशी बोलत होत्या.

आत कुजबुज चालूच होती.

मी दाराकडे पाहिलं, पुन्हा खाली पाहिलं. माझी मती गुंग झाली. बुवा खाली आहेत, तर काकू आत कोणाशी बोलतायत?

काकू नेहमीसारख्या पदर खोचत बाहेर आल्या. नाव अगदी ओठांवर होतं. इतक्यात खालून बुवांचा आवाज आला, “अहो बाई, कोडोलीकरांचं घर यातलं कुठलं?” आणि शेजारीण समजुतीने म्हणाली, “हे काय, वरचं. चला, मी येते संगट.”

काकूंचं तोंड तसंच मिटलं. त्या माझ्याकडे न बघता जिन्याकडे गेल्या.

त्या दिवशी मी टेप गुंडाळून निघून आले. वाटभर माझ्या मनात एकच घोळत होतं. म्हणजे ही सगळी नावं काकूंनी दिली? कुठून दिली? त्यांना तर कोणी सांगितलेलंच नाही म्हणतात. मनाने ठोकून दिली म्हणावं, तर स्वर कसे जुळतात? आणि बुवांना खरं माहीत असून ते लपवतायत, की... त्या ‘की’च्या पुढे जायला मन तयार नव्हतं. उदगावकर सर मात्र माझ्याआधी तिथं पोचले होते.

“सबनीसबाई, खरं सांगा,” त्यांनी मला खुर्चीत बसवून विचारलं. “परवा बुवा रंकाळ्यावर दिवसभर बसून होते. रिक्षावाल्याने ओळखलं म्हणून घरी पोचले. लोक म्हणतात त्यांना आता काही आठवत नाही. तुम्हाला ही नावं कोण देतंय?”

“बुवाच,” मी म्हणाले. “म्हणजे काकू विचारून येतात.”

“तुम्ही त्यांच्या तोंडून ऐकलंय?”

मी टेबलावरची शीर्षकांची यादी उगीच सरळ केली.

“मग ऐका. निदान एक राग तरी त्यांच्या तोंडून ऐका, ती पूरियाची टेप. तुम्ही ‘मी ऐकलं’ म्हणालात की माझी काही हरकत नाही, सगळी नावं तशीच छापू. नाहीतर पुण्याहून डॉक्टर हर्डीकरांना बोलावतो. ते टेपा ऐकतील आणि ठरवतील. पूरियाच्या टेपेला ते पूरिया धनाश्री म्हणतायत, फोनवरच सांगितलं त्यांनी. आणि पहिल्या पानावर नावही मग त्यांचंच जाईल. बुवांच्या तब्येतीबद्दल आपण समारंभात दोन शब्द बोलू.”

हे सगळं मी काकूंना जाऊन सांगितलं. त्या तांदूळ निवडत होत्या. ‘तब्येतीबद्दल दोन शब्द’ म्हटल्यावर त्यांचा हात सुपात थांबला.

“दोन शब्द,” त्या म्हणाल्या. “चार लोकांत. माईकवर.”

“सर वाईट बुद्धीने म्हणत नाहीत, काकू.”

“वाईट बुद्धीने कोणीच काही म्हणत नाही गं. हा माणूस भरल्या सभेत बसला की भले भले तंबोरे खाली ठेवायचे. आता तीच माणसं ‘अरेरे’ म्हणायला येणार.” त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत. “आणि खाँसाहेबांच्या रागाला कोण तो पुण्याचा नाव ठेवणार. पूरिया धनाश्री म्हणे!”

पहिल्यांदाच त्या मला ‘गं’ म्हणाल्या होत्या. मला विचारायचं होतं, काकू, मग तुम्हाला नाव माहीत आहे? पण मी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर काय येणार याची मला भीती वाटत होती, दोन्ही बाजूंनी.

“मंगळवारी सकाळी ये,” त्या म्हणाल्या. “सकाळी बरे असतात. त्यांच्या तोंडून ऐक.”

मंगळवारी मी गेले तेव्हा बुवा न्हाऊन, स्वच्छ धोतर-सदरा घालून बाहेरच्या खोलीत बसले होते. कपाळाला गंध. काकूंनी तंबोराही काढून भिंतीला टेकवून ठेवला होता, तारा मात्र सैल होत्या. मी नमस्कार केला. बुवांनी “तुम्ही कुणाकडे शिकता?” म्हणून विचारलं. काकू स्वयंपाकघराच्या दारात, नेहमीच्या जागी, खाली बसल्या. विळीवर गवार चिरायला घेतली होती त्यांनी.

मी टेप लावली.

सुरुवातीला बुवा खिडकीबाहेर बघत होते. मग आलाप पंचमावर येऊन थांबला आणि त्यांची मान वळली. त्यांनी हात थोडा वर केला, जणू समोर कोणी शिष्य बसलाय.

“अंहं,” ते म्हणाले. “हितं एवढं थांबायचं नव्हतं.”

आणि ते गायला लागले. आवाज फाटका होता, दम पुरत नव्हता, पण टेपेतला तरणा गवई ज्या पंचमावर ऐसपैस बसला होता, तिथून म्हातारा गवई नुसता स्पर्श करून खाली उतरला आणि रिषभावर आला. राग तोच होता. पण आता तो पूरिया नव्हता, पूरिया धनाश्री तर मुळीच नव्हता, आणि दुसरं काय होता हे मला सांगता येत नव्हतं. मी काकूंकडे पाहिलं. त्यांची विळी थांबली होती, आणि मान बरोबर समेवर हलली. मग अंतऱ्याच्या तोंडाशी बुवा शब्दाला अडखळले, तेव्हा काकूंचे ओठ हलले. आवाज न करता. बुवांनी तो शब्द त्यांच्या ओठांवरून उचलला आणि पुढे गेले.

तेव्हा मला कळलं. दार लोटून, खिडक्या लावून ज्या तालमी झाल्या, त्या दाराच्या पलीकडे ही बाई जन्मभर भाज्या चिरत बसलेली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं हे अगदी खरं होतं.

बुवा थांबले. घामाघूम झाले होते, पण चेहरा लहान मुलासारखा फुललेला. मी टेप बंद केली. आता विचारायलाच हवं होतं.

“बुवा, हा राग...”

“हां,” बुवा म्हणाले. “हा आमच्या खाँसाहेबांचा खास. याचं नाव...”

ते थांबले. कपाळावर आठ्या पडल्या. त्यांनी खोलीभर नजर फिरवली, छताकडे, तंबोऱ्याकडे, माझ्याकडे. हातांची चाळवाचाळव सुरू झाली. फुललेला चेहरा बघता बघता विझायला लागला आणि तिथं भीती दिसायला लागली. मला ते बघवेना. मग त्यांनी दाराकडे मान वळवली.

“अगं,” ते म्हणाले, “याचं नाव काय गं?”

काकू एकदम ताठ झाल्या. इतक्या वर्षांत या माणसाने त्यांना हे विचारलं नसणार. सांगितलं नव्हतं, तसं विचारलंही नव्हतं. आणि आज विचारलं ते माझ्यासमोर. नाव सांगितलं तर बुवांना आठवत नाही हे उघड होणार होतं. आणि सांगितलं नाही तर तो चेहरा तसाच घाबरलेला राहणार होता. काकूंनी पदराला हात पुसले. बुवांच्या डोळ्यांत बघत, जरा दटावून म्हणाल्या:

“काय हे! बाहेरचं माणूस बसलंय की समोर.”

बुवांनी माझ्याकडे पाहिलं. क्षणभर तसेच पाहत राहिले. मग त्यांच्या आठ्या एकेक करून उलगडल्या, खांदे सरळ झाले, आणि ते केवढ्या तरी सुटकेने हसले.

“बरोबर,” ते म्हणाले. “बरोबर. बाहेरच्यासमोर नाही.” आणि माझ्याकडे वळून, घराण्याच्या पूर्ण रुबाबात, “माफ करा हं. शपथ आहे आमची.”

“हो, बुवा,” मी म्हटलं.

काकू मला पोचवायला जिन्यापर्यंत आल्या. मी चपला घातल्या. टेपेची डबी काखेत धरली. आत बुवा तोच पंचम हलक्या आवाजात परत परत लावून बघत होते, दर वेळी थोडा कमी थांबत.

“मालीगौरा,” काकू म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, आतून निरोप आणल्यासारखा. “मालीगौरा. विलंबित तीनताल. आत्ताच म्हणाले ना ते. ऐकलंस की तू?”

“हो, काकू,” मी म्हटलं. “ऐकलं मी.”